ट्रिनाच्या दारावरून

"लव्हॉन, तिला फोन नको करूस... कुठल्या तोंडाने करणार आपण?"

एवढं एक वाक्य बोलताना ऑरिनला चारदा थांबावं लागलं. आरव्हीच्या, म्हणजे त्यांच्या चालत्याफिरत्या घराच्या, मागच्या पलंगावर तो उशांना टेकून बसला होता. अंगात ताप फणफणला होता, ओठ जांभळट होत चालले होते. ऑक्टोबरचा पहिला आठवडा. ऑरिनला विसावा मिळावा म्हणून तीन दिवस त्यांची गाडी या वाटेवरच्या तळावरच उभी होती. काल याच वेळी नवराबायको बाहेर खुर्च्या टाकून उन्हात सूप पीत बसले होते, आणि आज सकाळपासून वायोमिंगच्या त्या उजाड माळावर असा बर्फ कोसळत होता की हाताच्या अंतरावरचा विजेचा खांबही दिसेना. दहाला तळावरची वीज गेली, ऑक्सिजनचं यंत्र बंद पडलं. आता उरला होता एकच सिलिंडर, आणि त्याचा काटा लव्हॉन दर पाच मिनिटांनी बघत होती.

मदतीच्या नंबरावर तिने दोनदा फोन केला होता. "हायवे बंद केलाय, बाई," पलीकडची मुलगी कळवळून म्हणाली, "बर्फ सारणारा ट्रक पुढे निघाल्याशिवाय अ‍ॅम्ब्युलन्स सोडता येत नाही, आणि ट्रक सगळे पश्चिमेला गुंतलेत."

बर्फ सारणारा ट्रक... लॅरमी गावात असा ट्रक चालवणारी एक बाई ऑरिनच्याच रक्ताची होती. त्याची मुलगी, ट्रिना. लव्हॉनच्या फोनमध्ये तिचा नंबर चार वर्षं पडून होता, आणि चार वर्षांत तो एकदाही लावला गेला नव्हता.

ट्रिनाची आई कॅन्सरने अंथरुणाला खिळली, तेव्हा शेजारच्या घरातली विधवा लव्हॉन दीड वर्ष तिच्या उशाशी होती. खाऊपिऊ घालणं, अंग पुसणं, सगळं तिने केलं. पुढे ती माउली गेली, आणि वर्षाच्या आत ऑरिनने लव्हॉनशी लग्न केलं. चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांदेखत ट्रिना म्हणाली, "ही सेवा कशासाठी चालली होती, ते आज कळलं." पुढे ऑरिनने मुलीबद्दल वाकडा शब्द काढला, की लव्हॉनच त्याला गप्प करी.

पण आज फोन हातात धरून तिला जी लाज वाटत होती ती त्या जुन्या बोलाची नव्हती. ती तीन दिवसांपूर्वीची होती, आणि ती तिची स्वतःची होती...

डॉक्टरांनी ऑगस्टमध्येच सांगितलं होतं, फुफ्फुसं आकसत चालली आहेत, फार तर वसंतापर्यंत. ऑरिन म्हणाला, "ट्रिनाला कळवू नकोस. कीव करून आलेली मला नकोय. मीच जातो तिच्याकडे." म्हणून ही सहल. नेब्रास्कातल्या घरापासून सगळी वाट लव्हॉनने एकटीने गाडी चालवली. ट्रिनाच्या गल्लीत, तिच्या घरासमोर त्यांनी आरव्ही उभी केली. संध्याकाळी ट्रिना नारिंगी जाकिटात कामावरून आली, शेजारणीशी मोठ्याने हसत बोलली आणि आत गेली. ऑरिन बघत राहिला. मग त्याचा धीर सुटला. "खूश आहे पोर. कशाला तिच्या सुखात माती कालवा? चल."

'उतर, ऑरिन, मी येते बरोबर,' एवढंच म्हणायचं होतं. तो उतरलाही असता. पण लव्हॉनच्या अंतःकरणात त्या क्षणी काय दाटून आलं? सुटकेचा निःश्वास! ट्रिनाची ती नजर पुन्हा झेलावी लागणार नाही, याचा आनंद. तिने इतक्या घाईने किल्ली फिरवली, की ऑरिनला पट्टाही लावता आला नाही.

सिलिंडरचा काटा लाल रेघेला टेकला. लव्हॉनने नंबर लावला.

"ट्रिना... मी लव्हॉन. तुझे बाबा..."

"कुठे आहात तुम्ही?" एवढंच पलीकडून आलं. लव्हॉनने जागा सांगितली. फोन बंद झाला.

दीड तासाने पांढऱ्या अंधारात पिवळे दिवे लुकलुकले. तो अवजड ट्रक बर्फ उडवत आला आणि त्याच्या मागोमाग, त्याच्याच चाकोरीतून, अ‍ॅम्ब्युलन्स. माणसांनी ऑरिनला उचललं, तोंडावर मास्क चढवला. ट्रिनाने बापाच्या कपाळावर हात ठेवला, आणि मागे न बघता म्हणाली, "अ‍ॅम्ब्युलन्समध्ये जागा नाही. तुम्ही माझ्याबरोबर बसा."

ट्रकच्या उंच केबिनमध्ये लोखंडाची घरघर चालू होती. ट्रिना म्हणाली, "असल्या तब्येतीच्या माणसाला इतक्या उंचावर, असल्या विरळ हवेत आणायची बुद्धी कोणाची?"

'त्यांची' असं म्हटलं असतं तर लव्हॉन सुटली असती. ते खरंही होतं. पण तिला सुटायचं नव्हतं.

"ट्रिना, ते तुला भेटायला आले होते. त्यांच्या हातात फार दिवस नाहीत गं. सोमवारी आम्ही तुझ्या दारात होतो. त्यांचा धीर खचला, आणि मी... मी थांबवलं नाही. मला बरंच वाटलं. तेव्हा दार ठोठावलं असतं, तर आज ते तुझ्या घरात असते. हा अपराध माझा आहे. तू काय बोलायचं ते बोल."

ट्रिनाने समोरच्या काचेवरून नजर हलवली नाही.

"मी बघितली होती गाडी," ती म्हणाली. "नेब्रास्काची नंबरपाटी, बाबांची टोपी, सगळं. म्हणूनच शेजारणीशी एवढी हसले. म्हटलं, बघू देत. मग आत जाऊन पडदा ओढला आणि दाराशी उभी राहिले... गाडी निघाल्याचा आवाज आला, तरी कडी काढली नाही."



दवाखान्यात ऑरिनचा श्वास दोनएक तासांनी जरा सुरळीत झाला. डॉक्टर म्हणाले, धोका टळला, पण ते हिवाळा काढतील याची खात्री देता येत नाही. ट्रिनाने जाकिटाची कॉलर मुठीत घट्ट धरून ते ऐकलं. "मग हा हिवाळा ते माझ्याकडेच राहतील," ती म्हणाली, आणि थोडं थांबून, "दोघंही."

लव्हॉन खुर्चीतून उठायला गेली, तशी लडखडली. नर्सने तिचे बूट काढले. आत मोजे नव्हते. दोन्ही जोड तिने ऑरिनच्या पायांत चढवले होते. बोटं पांढरीफटक, बधिर. नर्स कोमट पाण्याचं तसराळं ठेवून गेली.

ट्रिना खाली बसली आणि तिने ते पाय ओंजळीत धरून पाण्यात सोडले. लव्हॉनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टाचांना भेगा पडलेल्या, नखं वाढलेली... ती पाय मागे ओढू लागली.

"राहू दे गं, नको..."

"गप बस तू," ट्रिना म्हणाली. तिची मान खालीच होती. "आईचे पाय तू असेच धुवायचीस. मी सुट्टीला यायचे आणि दारातून बघून परत फिरायचे. मला ते करवत नव्हतं, लव्हॉन. माझ्या आईचं मला करवत नव्हतं, आणि तू करत होतीस... त्याचाच राग होता. बाकी सगळी कारणं मी नंतर शोधून काढली."

पलंगावरून ऑरिनने हात पुढे केला. तो नेमका कोणासाठी होता ते त्यालाही सांगता आलं नसतं. ट्रिनाचे हात ओले होते, म्हणून लव्हॉनने तो धरला.