न जळणारं घर

इमारती आगीपासून कशा वाचवायच्या, हे सांगणं हा माझा व्यवसाय. भिंतीत काय भरायचं, छताला कुठले बोर्ड लावायचे, कुठलं दार आगीपुढे किती वेळ तग धरेल. लोक मान डोलावतात आणि शेवटी स्वस्तातलं तेच लावतात. माझा शब्द न् शब्द पाळणारा एकच माणूस मला भेटला. माझा मामा.

त्याच्या स्वयंपाकघरात आग लागली होती. कुणाला इजा झाली नाही. एक कपाट आणि पडदे जळले, तेवढ्यात बंबवाले आले नि आग विझली. त्यानंतर मामाने आख्खं घर आतून खरवडून काढलं. लाकडाची काडी ठेवली नाही. भिंतींत दगडी लोकर भरली, म्हणजे खडक वितळवून काढलेले तंतू, ते भट्टीतसुद्धा पेटत नाहीत. त्यावर जिप्समचे बोर्ड. लोखंडी पलंग, लोखंडी कपाटं, पडद्यांच्या जागी पत्र्याच्या झडपा.

"घर कसलं, तिजोरी आहे," मामी म्हणायची. "उद्या पाहुण्यांनाही सांगतील, अंगावरचे कपडे बाहेर काढून ठेवा नि मग आत या!"

ऐन थंडीत तिचा फोन आला. आवाजात थट्टा नव्हती.

"दुपारी भिंती तापतात गं. वायरिंगचं काही असेल तर बघून जा ना."

मी गेले. मामाने दारातच माझी बॅग, मफलर, कागद सगळं अंगणातल्या पत्र्याच्या पेटीत ठेवायला लावलं.

"मामा, मी काय काडेपेटी घेऊन हिंडते?"

"ठेव," तो म्हणाला. हसला नाही.

आत रिकाम्या गोदामासारखा गारवा होता. बोललेलं भिंतींवरून परत येत होतं. उष्णता दाखवणारा कॅमेरा मी स्वयंपाकघरातून फिरवायला सुरुवात केली. पडदाभर थंड निळा रंग. फक्त ओट्याखाली, जमिनीलगत एक पिवळा डाग, ताटाएवढा. मी हात लावून पाहिला. ताप आलेल्या कपाळासारखी भिंत लागली.

मी मेन स्विच बंद केला. डाग तसाच राहिला. उन्हाचा म्हणावा, तर ही आतली भिंत, तिच्यावर ऊन येतच नाही. पलीकडून तापली म्हणावी, तर मधली दगडी लोकर उष्णता इकडे येऊच देणार नाही.

मग डाग सरकला.

घाईने नाही. भिंतीच्या कडेकडेने, कपाटापाशी थांबत, दाराच्या चौकटीवर चढून पुन्हा खाली येत. अंधारात चाचपडत कुणी काही शोधावं तसा.

"रोज असंच," मामा हळूच म्हणाला. "इथून सुरुवात करते. एकेक वस्तू चाचपते. काही मिळालं नाही की पुढच्या खोलीत."

"कोण?"

"भरल्या ताटावरून उठवलं ना आपण तिला."

मामी दारात उभी होती. "मी म्हणते, घर सोडू या. घरात जळण्यासारखे आता आम्ही दोघंच उरलोय. पण हे ऐकतील तर शपथ."

"आणि जायचं कुठे?" मामा म्हणाला. "आपल्यामागून ती आली तर? तिथे पलंग असतील, पडदे असतील, माणसांची पोरंबाळं असतील. इथे निदान उपाशी तरी आहे."

मी काहीतरी बोलायचं म्हणून तोंड उघडलं आणि पाहिलं, तर कॅमेऱ्यात डाग नव्हता. भिंत निळी, फरशी निळी.

मानेला ऊब लागली.

चुलीपाशी वाकल्यावर लागते तशी. केस करपल्याचा वास आला. मी मागे हात नेला. अंबाड्यात खोचलेली पेन्सिल माझ्या लक्षातच नव्हती. कामावर असले की ती तिथेच असते.

बाहेर काढली तर तिचं टोक काळं पडलं होतं. बोट लावताच त्याची राख झाली.

मामाचा चेहरा पांढराफटक पडला.

"तू तिला खायला दिलंस," तो म्हणाला.

मामीने मला दंडाला धरून बाहेर काढलं. बॅग हातात कोंबली. "जा तू. आत्ताच जा." निरोपाचं बोलणंही झालं नाही. घरी येईपर्यंत मी स्वतःला दहा कारणं सांगितली आणि एकही मला पटलं नाही.

मी आईजवळ राहते. आई म्हणजे मामाची थोरली बहीण. पेन्सिलीचं तिला काही सांगितलं नाही. उगीच घाबरली असती.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकून आई आत आडवी झाली, तेव्हा मामीचा फोन आला. इतकी हलकी ती कितीतरी दिवसांत बोलली नव्हती.

"अगं, आज घर गार आहे! सगळ्या भिंतींना हात लावून आले. गारच गार! हे तर घोरतायत बघ चक्क."

"बरं झालं मामी," मी म्हणाले.

पलीकडे खुडबुड झाली. फोन मामाने घेतला होता. तो झोपलेला नव्हता.

"दीदी कुठे आहे?" त्याने विचारलं.

"आत. पलंगावर पडलीय."

 

आतून आईने हाक मारली.

"अगं, एवढी खिडकी उघड गं. भिंतीकडून कसली धग येतेय बघ."