हाकेला ओ

लेक सव्वा वर्षाची असताना तापानं फणफणली होती, तेव्हा मी एक नेम धरला होता. ही जगली, तर आठवड्यातला एक दिवस सूर्य मावळेपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही. ती जगली. पंधरा वर्षं नेम चुकला नाही. आमचे हे म्हणायचे, नेम तुझा, पण पुण्य माझ्या कानांना.

यंदा शाळेच्या नाटकात तिला मुख्य काम मिळालं. नाटक जुनं, शोकान्त. त्यातली आई नवऱ्याला दिलेल्या शब्दापायी पोटच्या मुलीशी बोलणं टाकते. मुलगी बंद दारावर तीन हाका मारते, ओ मिळत नाही, आणि ती नदीची वाट धरते. घरच्या तालमीत आई मी. म्हणजे नुसतं गप्प बसायचं. "तुला पाठांतर नकोच, तू मुरलेली नटी आहेस," लेक म्हणाली.

असल्या जुन्या गोष्टी तुम्हा पोरांना पटतात तरी का, असं मी विचारलं. फोनवरची नजर न काढता ती म्हणाली, "दारं तेवढी बदललीत, आई. आता वाचल्याची खूण दिसते, आणि उत्तर येत नाही."

तिच्या मैत्रिणींनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी कपड्यांच्या घड्या घालत होते.

पुढच्याच आठवड्यातला माझा मौनाचा दिवस. दुपार कलली होती. लेक शाळेतून आली, दप्तर टाकलं, माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ओठ हलले तिचे. मी बोटानं खूण केली, संध्याकाळी. ती गेली. दार आपटलं. मी मागच्या बाजूला इस्त्री करत होते; वाटलं, आपल्या खोलीत गेली.

थोड्या वेळानं तिच्या खोलीच्या बंद दाराआडून आवाज आला.

"आई... आहेस का?"

नाटकातलंच वाक्य. सराव चाललाय, म्हणून मी इस्त्री फिरवत राहिले. पण आवाज ओलसर होता, विहिरीत तोंड घालून बोलल्यासारखा. हळूहळू दाराखालून गाळाचा वास येऊ लागला. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा हलत होता, टिकटिक मात्र ऐकू येईना.

"आई... आहेस का?"

मी दारापाशी गेले. लाकूड थंडगार लागलं. जाणती माणसं सांगत, भलत्या हाकेला ओ देऊ नये, देणाऱ्याला ती घेऊन जाते. आणि बोलले तर नेम मोडणार. ज्या नेमावर पोरीचा जीव तोलून धरला होता, तोच. सूर्य मावळायला जरासाच अवकाश होता. जरासाच तर, मी मनाला समजावलं.

मग तिसऱ्यांदा आवाज आला. हे वाक्य नाटकात नव्हतं.

"माझं बोलणं संपलं, आई... आता तू."

"आहे गं बाळा," माझ्या तोंडून निघून गेलं. "आहे मी. ये."

आत कुणीतरी मटकन खाली बसल्यासारखं वाजलं. मी दार ढकललं. खोली रिकामी. खिडकी लावलेली. पलंगाशी फरशीवर पाण्याचं थारोळं, कडेला काळा चिखल. आपटलं होतं ते बाहेरचं दार.

मी अनवाणी रस्त्यावर धावले. कोपऱ्यावरून लेक येत होती, नदीवरच्या पुलाच्या बाजूनं. पांढरीफटक. मी तिला घट्ट धरलं.

"तुझी ओ ऐकली, म्हणून पुलावरून फिरले," ती पुटपुटली. "पण आई... मी हाक मारलीच नव्हती."

त्या रात्री ती पोटातलं सगळं बोलली. मी ऐकलं. आता ती हसते, जेवते, माझ्याशी भांडतेसुद्धा. मौन मी सोडलं. देवानं ते समजून घेतलं, अशी माझी श्रद्धा आहे.

हाक मात्र अजून येते. लेक माझ्या शेजारी बसलेली असते, आणि तिच्या खोलीतून तिच्याच वयाचा आवाज विचारतो. मी ओ देते, तेव्हा वास विरतो. गेल्या आठवड्यात दुसरा आवाज आला, मुलाचा, नुकता फुटलेला. काल तिसरा, इतका खोल की शब्द कळेनात.

एकीचा गळा किती पुरणार? म्हणून विनवते, तुमच्याही घरी बंद दाराआडून हाक आली, तर पोर कुणाचं, ते विचारत बसू नका. आधी ओ द्या.