आपणहून टेकलेली पाठ

गॅलरीतून दर्शनचा दबका आवाज आला आणि जगन्नाथच्या हातातला घास हातातच राहिला.

"शेवटच्या लढतीत मी पडतो. पाठ टेकवतो. यारिगू गोत्तागल्ल... नाही हो, कुणाला कळणार नाही."

थोरला भाऊ जगन्नाथ दुबईत जुमेरा लेक टॉवर्सच्या साइटवर आहे अशा समजुतीत दर्शन फोनवर कानडीत बोलत होता. जगन्नाथची बायको सुलभा साताऱ्याची, तिला त्यातलं अक्षर कळत नसे. पण जगन्नाथ निपाणीचा. तिथं मूल रडतं मराठीत आणि भांडतं कानडीत. त्याला शब्द न् शब्द कळला. आज फॉल्स सीलिंगचं सामान आलं नाही म्हणून तो दुपारीच शारजाला घरी परतला होता, आणि परतला नसता तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं.

दहा दिवसांनी अबुधाबीला दर्शनची लढत होती, आतापर्यंतची सर्वांत मोठी. शाळेतल्या पोरांना जुजुत्सू शिकवून, संध्याकाळी स्वतः घाम गाळून सव्वीस वर्षांच्या पोरानं ती मिळवली होती. आणि हा पोरगा नुरा कुस्ती करणार? ठरवून हरणार? पैलवानाच्या घरात चोरी एक वेळ खपते, नुरा कुस्ती खपत नाही.

"कुणाचा फोन होता रे?" दर्शन आत आल्यावर त्याने विचारलं.

दर्शन दचकला. "दादा, तू कधी आलास? जिममधला... एक जण होता."

सुलभाने पोळीवर तूप घातलं, आधीच घातलेलं असताना पुन्हा घातलं, आणि वर पाहिलं नाही. इथंच कुठंतरी पाणी मुरतंय हे जगन्नाथने ओळखलं. त्याने लेकीला, दहा वर्षांच्या इशिताला, बाजूला घेऊन विचारलं, "काका हल्ली कुठं जातो गं?"

"काका सेड नॉट टू टेल यू, बाबा," ती म्हणाली आणि पळाली.

म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ज्याने हे घर उभं केलं, त्यालाच तेवढं ठाऊक नव्हतं! पुढचे चार दिवस जगन्नाथ स्वतःच्याच घरात हेरासारखा वावरला. दर्शनचा फोन वाजला की त्याचे कान टवकारत. हम्माद नावाचा कुणी मोठी गाडी घेऊन येई, इमारतीसमोर न थांबता पलीकडच्या बकाल्यापाशी, किराणा दुकानापाशी, थांबे, आणि दर्शन मान खाली घालून गाडीत बसे. सुलभा फोन उलटा ठेवू लागली होती. एकदा तर दोघं स्वयंपाकघरात कुजबुजत होती आणि त्याची चाहूल लागताच गप्प झाली. वीस वर्षं जिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला, तीसुद्धा?

म्हणतात ना, चोराच्या मनात चांदणं. जगन्नाथला हा संशय इतका जाळत होता, कारण ते पाप त्याने स्वतः केलं होतं.

वीस वर्षांपूर्वी आई-वडील गेलेले, आणि मागे सहा वर्षांचा दर्शन, जन्मापासून वाकड्या पायाचा. डॉक्टर म्हणाले होते, आता ऑपरेशन केलं नाही तर पोर जन्मभर फरफटत चालेल. त्या वर्षीच्या जत्रेच्या मैदानात जगन्नाथची शेवटची कुस्ती लागली, आणि समोरच्या पैलवानाचा धनी आदल्या दिवशी घरी आला. आमचं पोरगं जिंकू दे, तुझ्या भावाच्या पायाचा सगळा खर्च माझ्याकडे लागला... जगन्नाथने रात्रभर विचार केला आणि दुसऱ्या दिवशी हजारो लोकांदेखत तो चितपट झाला. त्याचे वस्ताद त्यानंतर मरेपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत. पुढच्याच वर्षी तो दुबईला आला. 'हरलेला पैलवान' हे नाव मात्र त्याच्या आधीच येऊन पोहोचलं होतं; दोन वर्षांपूर्वी रागाच्या भरात दर्शनसुद्धा तेच बोलला होता. जगन्नाथने तेही गिळलं. खरं कारण घरात एका सुलभाला ठाऊक होतं.

ज्या पायासाठी आपण इभ्रत मातीत घातली, त्याच पायावर उभा राहून हा पोरगा आता तेच करणार... मग आपण कशासाठी पडलो?

शनिवारी सकाळी सुलभा बाजाराला म्हणून आधीच बाहेर पडली होती. हम्मादची गाडी निघाली तशी जगन्नाथनेही आपली गाडी मागे घातली. सख्ख्या भावाचा पाठलाग करणं ही काही मर्दुमकी नव्हे, पण संशय माणसाला लाज ठेवू देत नाही. अल कूझमधल्या एका गोदामापाशी गाडी थांबली. दर्शन आत गेला. जगन्नाथने पाच मिनिटं स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं, मग दार ढकलून तो आत शिरला.

आत आखाडा होता.

तांबडी माती, हळद-ताकाचा तो ओळखीचा वास, कडेला फेटे बांधलेली माणसं... आणि वर दिवे, पुढे कॅमेरे. मधोमध लंगोट कसून दर्शन उभा होता. खुर्चीवरचा चष्मेवाला माणूस कानडीत ओरडत होता, "पुन्हा! कळतंय रे, मुद्दाम पडतोयस हे कळतंय!"

"दर्शन!" जगन्नाथचा आवाज पत्र्याला लागून परत आला. "काय चाललंय हे?"

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून सुलभा उठली. तीही इथं! तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"अहो, चिडू नका. सिनेमा आहे हा. कानडी सिनेमा. मीच याला शपथ घातली होती, पुरा होईपर्यंत सांगायचं नाही म्हणून. तुम्ही होऊ दिला नसता."

"कसला सिनेमा?"

दर्शन मातीतून बाहेर आला. "दादा, मी तुला हरलेला पैलवान म्हणालो ना, त्या दिवशी वहिनीनं मला सगळं सांगितलं. दोन वर्षं झाली. तुझ्यासमोर तोंड उघडायची हिंमत होईना. मग हे डायरेक्टर जिममध्ये आले, फायटरची गोष्ट शोधत. हम्माद यांच्याच युनिटचा. मी म्हटलं, फायटरची कशाला, त्याच्या भावाची करा... लढायचे सीन मी करतोय. तुझे."

"आणि अबुधाबी?"

"अबुधाबीला जीव गेला तरी पाठ टेकणार नाही. तुला... तसं वाटलं?"

जगन्नाथने मान खाली घातली. चार दिवस ज्या भावावर आणि बायकोवर त्याने डूख धरला होता, ती दोघं त्याची गेलेली इभ्रत परत आणायला निघाली होती. त्याला स्वतःची इतकी शरम कधीच वाटली नव्हती, त्या मैदानातसुद्धा नाही.

"जमत नाहीये दादा," दर्शन हळूच म्हणाला. "सतरा वेळा पडलो. खोटं दिसतं. तू कसा पडलास?"

जगन्नाथने बूट काढले, शर्ट काढून सुलभाच्या हातात दिला, माती कपाळाला लावली आणि आत उतरला. शेहेचाळीस वर्षांचं सुटलेलं अंग, पण मातीत पाय टेकताच खांदे आपोआप झुकले.

"मला ढाक लाव."

दर्शनने डाव लावला. जगन्नाथ हवेत गेला.

"बघ. पैलवान पडताना कूस बदलतोच. मीही बदलली," खाली पडून धापा टाकत तो म्हणाला. "फक्त अर्ध्या श्वासानं उशिरा. ढोंग करायचं नाही. वाचायचा खरा प्रयत्न करायचा, पण उशिरा."

कॅमेऱ्यामागचा चष्मेवाला उठून उभा राहिला होता. जगन्नाथ तसाच पडून राहिला. पाठीला माती गार लागत होती.

दर्शन गुडघ्यांवर बसला आणि त्याने भावाच्या पायांवर डोकं ठेवलं. "दादा, त्या दिवशी मी कुठं होतो?"

"समोरच होतास. उल्हासमामाच्या खांद्यावर." जगन्नाथने त्याच्या केसांतली माती झटकली. "मी पडलो तेव्हा अख्खं मैदान ओरडत होतं. त्यात तू एकटा माझ्याकडे बघून टाळ्या वाजवत होतास. काय कळत होतं तुला... तुला वाटलं, मीच जिंकलो."

"बरोबर वाटलं होतं, दादा."