अंधारासाठी घेतलेला फोन

खारघरच्या मोबाइल दुकानांत निशांत जाधव शिरला की विक्रेते एकमेकांकडे बघायचे. दीड वर्षात सहा फोन घेऊन झालेला माणूस तो. कोणालाही वाटेल, केवढी ही हौस! पण हौसेचा इथे संबंधच नव्हता. गाणी, सेल्फी, रील्स यांतलं त्याला काही नको असायचं. तो एकच विचारायचा, "पूर्ण काळोखात सुईच्या टोकाएवढं भोक यात दिसेल का?" यावर बिचारा विक्रेता काय बोलणार?

प्रश्न पोटाचा होता. निशांत उरणजवळच्या एका यार्डात कंटेनर सर्व्हेअर होता. माल भरण्याआधी रिकामा कंटेनर तपासायचा, हे त्याचं काम. भर दुपारी आत शिरायचं, बाहेरून दोन्ही दारं लावून घ्यायची आणि काळोखात उभं राहून बघायचं, कुठून उजेडाचा ठिपका येतोय का. ठिपका दिसला म्हणजे भोक आहे, आणि भोक आहे म्हणजे जहाजावर पाणी आत शिरणार. मग फोटो काढायचे, अहवाल पाठवायचा.

याच यार्डात तो हमालीवर लागला होता. काम करून शिकला, परीक्षा दिल्या आणि सर्व्हेअर झाला. कौतुक करावं असाच माणूस. पण गेल्या वर्षी त्याच्या सहीने गेलेल्या एका कंटेनरमधली तूरडाळ भिजून कुजली. सांध्यामागचं एक भोक त्याच्या नजरेतून सुटलं होतं. मॅनेजर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "जाधव, अजून एक सुटलं की यार्डाचा पास जमा करायचा." तेव्हापासून त्याचा स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा उडाला. म्हणून हे फोन.

पहिला उन्हात तापून बंद पडला. दुसऱ्याला काळोखात काळोखच दिसायचा. तिसरा तर इतका शहाणा, की गंज आणि भोकं म्हणजे डाग समजून फोटोतून परस्पर पुसून टाकायचा. कंटेनर असा गोरागोमटा दिसायचा की लग्नाला उभा करावा. उरलेल्या तिघांनीही त्याच्यावर अशीच तोंडघशी पडायची वेळ आणली. त्याची बायको संघमित्रा शाळेत शिकवायची. ती हसून म्हणायची, "मला बघायला आलास तेव्हा एवढी चौकशी नव्हती केलीस."

सातवा फोन घरी आणल्या आणल्या तो बाथरूममध्ये शिरला आणि दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला. दहा मिनिटांनी बाहेर आला तो चेहरा उजळलेला.

"अगं, बिजागरीमागे भोक आहे. तीन वर्षं राहतोय इथे, कधी दिसलं?"

फोन खरोखरच अप्रतिम होता. उन्हात पडदा स्वच्छ दिसायचा, लोखंडाच्या भट्टीत तासभर राहून तापायचा नाही, आणि काळोखात तर असा बघायचा की निशांत थक्क झाला. केसाएवढी चीर, रंगाखाली दडलेला गंज, काही म्हणता काही सुटायचं नाही. दारं लावणारा-उघडणारा पोपट जवळच्याच गावचा. साठीचा होता तरी पोराच्या उत्सुकतेने पडद्यात डोकावायचा. "सायब, यो फोन नाय, घारीचा डोला हाय!" चार महिन्यांत निशांतच्या सहीचा एकही कंटेनर गळला नाही. मॅनेजरांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली, त्या दिवशी त्याला घरी येताना चक्क गाणं सुचत होतं.

मग मार्चमधली ती दुपार आली. चाळीस फुटी कंटेनर. दारं लागली, निशांतने कॅमेरा सुरू केला आणि पार टोकाच्या भिंतीशी एक पिवळा चौकोन उमटला. समोर माणसाचा चेहरा आला की फोन त्याच्याभोवती काढतो, तोच. बरोबर माणसाच्या उंचीवर.

तो टॉर्च घेऊन टोकापर्यंत गेला. पत्रा होता. गंजाचे दोन डाग होते. डागांना चेहरा समजला असेल, असं म्हणून तो स्वतःशीच हसला.

दुसऱ्या दिवशी कंटेनर दुसरा, कंपनी दुसरी. चौकोन होताच. फक्त आज तो भिंतीपासून चार पावलं अलीकडे होता. तिथे ना पत्रा होता, ना डाग. रिकामी जागा.

"पोपटदादा," बाहेर येऊन त्याने हळूच विचारलं, "आत कोणी... मगाशी कोणी शिरलं होतं का?"

"आत कोन असनार, सायब? मी सोता झारून घेतलाय." पोपटने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "पानी प्या जरा. घाम बघा किती आलाय."

रात्री जेवताना त्याने संघमित्राला सांगितलं. तिने फोन घेऊन सगळ्या खोल्यांतून फिरवला. तिच्या चेहऱ्यावर चौकोन आला, त्याच्या चेहऱ्यावर आला, बाकी कुठे नाही. तरी तिने फोन टेबलावर पालथा ठेवला. "परत कर हा. मला भीती वाटते."

त्यानेही ऐकलं. दुसऱ्या दिवशी जुना सहावा फोन घेऊन कामाला लागला. एक कंटेनर तपासला, ठीक आहे असं लिहिलं. सही करणार, तेवढ्यात राहवेना म्हणून बॅगेतला सातवा काढून पुन्हा आत गेला. खालच्या डाव्या कोपऱ्यात भोक होतं. त्या एका सहीने यार्डाचा पास गेला असता. त्यानंतर त्याने सहाव्याला हात लावला नाही. सातवा चुकत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? आणि भोकांच्या बाबतीत जो चुकत नाही, तो चेहऱ्यांच्या बाबतीत का चुकेल... इथपर्यंत विचार आला की निशांत तो तिथेच सोडून द्यायचा. दर आठवड्याला चौकोन एखादं पाऊल पुढे यायचा. निशांत भोकं शोधायचा.

मे महिन्यात एका दुपारी दीड वाजता तो असाच एका कंटेनरमध्ये शिरला. दारांचे दांडे खटाखट बसले आणि बाहेरच्या क्रेनचा आवाज लांब गेला. आत तापलेल्या लोखंडाचा आणि कधीकाळी नेलेल्या हळदीचा वास कोंदला होता. आतून हाक आल्याशिवाय पोपट दाराला हात लावत नसे. काळोखाला डोळे सरावायला वेळ लागतो. मध्येच उजेड आला की तपासणी पहिल्यापासून.

त्याने फोन चारी भिंतींवरून फिरवला. छत पाहिलं, जमीन पाहिली. चौकोन नव्हता. पुन्हा फिरवला. कुठेच नव्हता. निशांतच्या जिवात जीव आला. त्याने पडदा बंद केला, फोन गळ्यातल्या पट्ट्याला छातीवर सोडला आणि एकदा नुसत्या डोळ्यांनी बघू म्हणून मनात शंभर मोजायला लागला.

साठाच्या आसपास फोन छातीवर थरथरला. फोनचं कुलूप उघडल्याचा बारीक आवाज आला. पडद्याचा उजेड समोर पडला.

तो फोन एकाच चेहऱ्याला उघडायचा, निशांतच्या. संघमित्राने गमतीत कितीदा तरी करून पाहिलं होतं, तिला कधी उघडला नव्हता. निशांत पडद्याच्या मागे उभा होता. पडद्याचं तोंड पुढे होतं. उजेडात समोरच्या जमिनीच्या फळ्या दिसत होत्या, आणि त्यांवर कोणीही उभं नव्हतं.

फोन चुकला असेल, असं म्हणता आलं असतं. आधीच्या सहाही फोनांबद्दल त्याने तसं म्हटलं असतं.

"सायब..." बाहेरून पोपटचा आवाज आला. "झाला का? उघरू?"

निशांतने तोंड उघडलं.

समोरून, दोन हातांवरून, त्याच्याच आवाजात उत्तर गेलं.

"थांब... एक भोक राहिलंय."

"बरं, सायब," पोपट म्हणाला, आणि त्याच्या चपलांचा आवाज सावलीकडे निघून गेला.