मधला सूर

गिटारवरच्या पॉवर कॉर्डला दोनच बोटं लागतात, असं धाकट्याने सांगितलं तेव्हा ती बऱ्याच दिवसांनी हसली. तिच्या डाव्या हाताला अंगठा सोडून दोनच उरली होती.

कारखान्यात ही भावंडं एकाच प्रेसवर आळीपाळीने बसत. बिजागरीच्या पट्ट्यांना जोडीने भोकं पाडायची. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, म्हणजे हात आत राहायचा प्रश्नच नको. त्या दिवशी चहा पिऊन ती जागेवर बसली, डाव्या हाताने पट्टी सरळ केली आणि सवयीने उजवा हात बटणावर टेकवला. दुसरं बटण आधीच कुणीतरी लाल टेपने दाबून ठेवलं होतं. काम झटपट उरकतं तसं. भोकं पाडणारे दोन्ही पंच खाली आले. मधलं बोट गेलं, करंगळी गेली, आणि पंचांमधल्या फटीत अनामिका तेवढी वाचली.

टेप कुणी लावली, हे तिला विचारावं लागलं नाही. कामाचा धोशा फोरमनचाच असायचा. त्याचं नाव निघालं तरी तिच्या मस्तकात तिडीक जायची.

धाकटा एका बँडमध्ये वाजवायचा. ती इस्पितळातून घरी आल्यापासून तोच स्वयंपाक करी, तिची वेणी घाली, आणि संध्याकाळी आपली जुनी गिटार अँपला जोडून तिच्या मांडीवर ठेवी.

"तर्जनी जाड तारेवर. अनामिका शेजारच्या तारेवर, दोन घरं पुढे. बाकीच्या तारांना तर्जनी नुसती टेकव, म्हणजे त्या बोलणार नाहीत. थांबायचं असलं की उजवा तळहात तारांवर."

"झालं? एवढंच?"

"एवढंच. यात मधला सूर नसतो, ताई. म्हणून हा हसरा पण नाही आणि रडका पण नाही. नुसता दणका."

"मला दणकाच हवाय," ती म्हणाली.

आधी नुसता खडखडाट झाला. बोटांची सालं निघाली. मग एकदा कॉर्ड स्वच्छ लागला, भिंतीवरचा आरसा थरथरला, आणि धाकट्याने कपाळाला आठ्या घातल्या.

"मधला सूर येतोय. कुठली तरी तार सुटतेय बघ."

त्याने बारीक तारा एकेक काढून टाकल्या. शेवटी दोनच उरल्या. तरीही तिने हात मारला की त्या दोन सुरांच्या मध्ये तिसरा यायचा, दात खाल्ल्यासारखा. धाकट्याने अँप उघडून पाहिला, वायर बदलली. मग त्याने तो विषय काढणंच सोडून दिलं.

तिला मात्र त्या वेळी गेलेली बोटं जाणवायची. ती कशावर तरी दाबली जायची. एका दुपारी वाजवून झाल्यावर फडताळावरचा स्टीलचा पेला तिला चेपलेला दिसला. त्याला दोन खोल पोचे होते, आणि मध्ये एका बोटाची जागा मोकळी. दोन दिवसांनी दाराच्या चौकटीत तसेच दोन खड्डे पडले. लाकूड आत दबून फाटलं होतं.

तिला भीती वाटायला हवी होती. तिला फार बरं वाटलं.

"फोरमनला घरी बोलव," ती म्हणाली.

धाकटा भांडी घासत होता. "कशाला? झालं ते झालं. जाऊ दे ना."

"बोलव म्हणते ना."

फोरमन रविवारी सकाळी आला. अवघडून खुर्चीच्या कडेवर बसला. धाकटा चहा ठेवायला आत गेला. तिने गिटार मांडीवर घेतली आणि फोरमनच्या गळ्याकडे पाहत पहिला कॉर्ड वाजवला.

फोरमन दचकला. पण त्याला काहीच झालं नाही.

"बाई, तुमचा राग कळतो मला," तो म्हणाला. "पण त्या दिवशी मी रजेवर होतो. आणि लाल टेप आमच्याकडे येतच नाही. कोणीतरी घरून आणली असणार."

तिने आणखी जोरात हात मारला. आत कप फुटले.

धाकटा दारात आला. दोन्ही हातांनी स्वतःचा गळा ओरबाडत होता. चेहरा काळानिळा पडला होता. फोरमनने धावत जाऊन त्याच्या गळ्यावरून काहीतरी उपटायचा प्रयत्न केला, पण त्याच्या हाताला काहीच लागेना. कातडीत फक्त दोन खड्डे रुतत चालले होते. मध्ये एका बोटाची जागा मोकळी.

तिची नजर मांडीवर गेली. गिटारचा तुटलेला पट्टा धाकट्याने टेपने सांधला होता. लाल टेप. ती टेप तिला रोज दिसत होती. त्या दिवशी त्याला बँडच्या तालमीला लवकर जायचं होतं, हेही तिला आठवलं. चहाच्या आधी प्रेसवर तोच बसला होता.

"ताई," त्याचे नुसतेच ओठ हलले.

तिला सगळं कळलं होतं. तरी उजवा हात वर गेला आणि आणखी एकदा खाली आला.

धाकटा गुडघ्यांवर कोसळला.

मग मात्र तिचा जीव कळवळला. याच हातांनी त्याने तिची वेणी घातली होती. त्याने शिकवलं होतं तसा तिने तळहात तारांवर घट्ट दाबला.

दोन्ही तारा गप्प झाल्या.

मधला सूर चालूच राहिला. आणि नसलेल्या करंगळीखाली तिला त्याची नाडी लागत होती, गरम, हळूहळू मंदावणारी.