वाघाचं वर्ष, मूळ नक्षत्र

अंबडच्या कारखान्यात मापं तपासायच्या खोलीत मी एकटीच असायची. एका दुपारी दिनेश नावाचा नवा इंजिनिअर मायक्रोमीटर घेऊन आला. बगलेत कॅलेंडर – तैवानच्या मशीनवाल्यांनी पाठवलेलं, १९९८चं, वर वाघाचं चित्र.

"तुमचं जन्मवर्ष कोणतं?"

"पहिल्याच भेटीत?"

"चिनी पंचांगात वाघाचं वर्ष दर बारा वर्षांनी येतं. बघतो, तुम्ही बसता का त्यात."

"चौऱ्याहत्तर."

"अरे बापरे... वाघीण!" मग आवाज उतरवून तो म्हणाला, "तैवानचा माणूस सांगत होता, वाघाच्या वर्षी मुलगी झाली की जुनी माणसं खट्टू होतात. पुढे तिला बाळंतिणीच्या खोलीतसुद्धा जाऊ देत नाहीत."

"म्हणजे तिकडेही माझं कठीणच. इकडे मी मूळ नक्षत्राची, सासऱ्याच्या मुळावर येणारी. दोन स्थळं त्यावरूनच मोडली."

मी हसले. तो हसला नाही.

त्यानंतर दर दोन दिवसांनी तो काहीतरी तपासायला आणू लागला.

"यात काहीच चूक नाही," मी म्हणायची.

"मग उद्या दुसरं आणतो... मोहिनी."

आकाशकंदील लागायच्या सुमारास त्यानं लग्नाचं विचारलं. मी हो म्हणाले – आणि घरी कुसाआत्या कामाला लागली.

"पत्रिकेत जन्मवेळ पाऊण तास अलीकडे लिही. ज्येष्ठा नक्षत्र येतं. ते थोरल्या दिराला वाईट, आणि त्याला थोरला भाऊच नाही! कुणाचं काय बिघडलं?"

"आत्या, दिवसभर मी लोकांची चुकलेली मापं पकडते. स्वतःचंच खोटं कसं लिहू?"

खरी भीती वेगळीच होती. दिनेशचे वडील, नाना, लासलगावचे कांद्याचे व्यापारी. त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं.

"मी नक्षत्र मानत नाही," मी दिनेशला म्हटलं. "पण नानांना काही झालं तर... तुझी आई माझ्याकडे कशी बघेल? तू कसा बघशील?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. "आज कसा बघतो, ते सांगू शकतो. त्या दिवशीचं... खोटं नाही बोलणार."

"मग नानांना सगळं सांग. माझी वेळ, मिनिटासकट."

आठ दिवस तो आला नाही.

नवव्या दिवशी नाना स्वतः आमच्या घरी आले. सोबत बायको, दिनेश आणि भावकीतली चार माणसं. धाप ओसरल्यावर त्यांनी मला समोर बसवलं आणि आपल्याच माणसांकडे वळले.

"ऐका. माझं काळीज वीस वर्सांपासून खराब हाय. तवा ही पोर चार वर्सांची व्हती. उद्या माझं काय झालं, तर ते माझ्या काळजापायी. हिचं नाव घ्यायचं नाय. ज्याला घ्यायचं आसंल, त्यानं आत्ता, माझ्या तोंडावर घ्यावं."

दिनेशची आई उठली. तिनं कुंकू मागितलं आणि माझ्या कपाळाला लावलं. लावताना तिची नजर नानांवर होती.

"वाकडं लागलंय..." दिनेश हळूच म्हणाला.

"राहू दे," मी म्हटलं.