कोरडे हात

रावजी पहिल्यांदा छापखान्यात आला तेव्हा काशीला वाटलं, कुणी बाईच आली! केस मानेवर रुळलेले, चाल तर अशी की काशीनेच लाजावं. हा गडी नाटक कंपनीत नायिकेची कामं करी आणि फावल्या वेळात खुनाच्या कादंबऱ्या लिही. त्या पावसाळ्यात कंपनीचा मुक्काम रत्नागिरीत होता. कादंबरी छापत होते काशीचे वडील गंगाराम, आणि प्रुफं तपासायची काशीने.

"नवऱ्याच्या खुनाची खबर येते नि ही बाई पदर डोळ्यांना लावते?" तिसऱ्या प्रकरणावर ती फणकारली. "असं नाय हो करीत बायका!"

"मग काय करतात?"

"हात पुसतात. कोरडे असले तरी पदराला पुसत राहतात..."

"करून दाखवा की—"

"इश्श! वळा तिकडे आधी."

तो कसला वळतोय! मग रोजच येऊ लागला. नायिका रुसते कशी, भिते कशी, सगळं विचारी. काशी लाजत लाजत करून दाखवी.

"काशे, चुका वाढल्या गो तुझ्या," गंगाराम एकदा म्हणाले. वाढणारच. पोर पुरती पाघळली होती.

कंपनी कोल्हापूरला निघायला चार दिवस उरले. काशीने धीर केला. "मला... न्याल तुमच्यासंगती?" एवढं बोलून ती कोरडे हात पदराला पुसत राहिली, खालचा ओठ दातांखाली धरून. रावजी बघतच राहिला. त्या बघण्यावरून तिने जन्म ओवाळून टाकला असता.

"उद्या नाटकाला या हं," तो म्हणाला.

ती गेली. बायकांच्या बाजूला अगदी पुढे बसली. तिसऱ्या अंकात नायिकेने प्रेम कबूल केलं... कोरडे हात पदराला, खालचा ओठ दातांखाली. टाळ्यांचा कडकडाट! वन्स मोअर! रावजीने पुन्हा हुबेहूब तसंच केलं. काशीच्या अंगाची लाही लाही झाली.

सकाळी स्वारी खुशीत हजर. "कसं झालं काल? तुमच्यामुळे बरं का!"

"आणि मी विचारलं त्याचं उत्तर?"

"कशाचं?" तो हसला. मग हसू विरलं. "म्हणजे... ते खरं होतं? मला वाटलं, तुम्ही करून दाखवताय—"

काशीने मान खाली घातली. तरी त्याचे डोळे तिच्या हातांवरच खिळलेले.

"वळा तिकडे," ती म्हणाली.

या खेपेला तो वळला. तेव्हा काशीने पदर डोळ्यांना लावला, त्याने तिसऱ्या प्रकरणात लिहिला होता अगदी तसा.